देणगीसाठी माणसांच्या गोष्टी सांगाव्यात का?

रानजाई

आमची संस्था छोटी, मराठवाड्यातल्या एका तालुक्यापुरती. वार्षिक अहवाल आणि देणगीची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. यंदाच्या मसुद्यावरून विश्वस्तांच्या बैठकीत चांगलीच जुंपली, म्हणून इथे मांडते.

जुन्या अहवालातलं वाक्य असं होतं : 'सदर वर्षी परसातील कुक्कुटपालन उपक्रमांतर्गत महिलांचे सक्षमीकरण करण्यात आले.' यातून कुणाला काय कळलं?

मी लिहिलं ते असं. मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आली की गावातली खुराडी बघता बघता रिकामी होतात. लस महाग नाही, पण कुपी येते शंभर-दोनशे पक्ष्यांची आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. घरी आठ-दहा पाखरं असलेली बाई एकटीसाठी ती कशी आणणार? म्हणून आमच्याकडे शिकलेली एक बाई पहाटे, खुराडी उघडायच्या आत, थर्मासात बर्फ आणि कुपी घेऊन घरोघर जाते. पिल्लू डाव्या हातात आडवं धरायचं, डोळ्यात एक थेंब, त्याने पापणी मिटेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. एवढं वाचल्यावर अंदाजपत्रकात थर्मास कशाला, असं कुणी विचारत नाही.

एका विश्वस्तांचं म्हणणं, ही जाहिरातबाजी झाली, संस्थेने फक्त हिशेब द्यावा. मला हे अजिबात पटत नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यातल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पुलं आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. नुसता तक्ता वाचून हे झालं असतं?

हिशेबी

विश्वस्तांशी सहमत. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समितीचं काम पाहतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नफ्याच्या दोन टक्के रक्कम वाटायची असते, त्यामुळे संस्थांची सादरीकरणं सतत बघावी लागतात. प्रत्येकाची सुरुवात एका बाईच्या हसऱ्या फोटोने. बाई खरी, गोष्टही खरी. पण ती शंभरातून निवडलेली असते! उरलेल्या नव्याण्णव जणींचं काय झालं हे विचारलं की 'साहेब, तो डेटा पाठवतो'. तो येत नाही.

तुमच्या लसवालीचंच घ्या. लस देऊनही किती घरची पाखरं मेली? किती बायकांनी दुसऱ्या वर्षी पैसे देऊन लस घेतली? हे दोन आकडे मला त्या थर्मासपेक्षा जास्त सांगतील.

आणि मुक्तांगण सांगताय तर गडचिरोलीही सांगा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, तुलनेला ४७ गावं ठेवली, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे 'आशा' ताईंमार्फत ते काम देशभर गेलं, ते एका बाळाची गोष्ट सांगून नाही.

रानजाई

@हिशेबी, त्याच 'सर्च'ने इतर संस्थांबरोबर राज्यातल्या बालमृत्यूंचा अहवाल काढला, त्याचं नाव काय ठेवलं? 'कोवळी पानगळ'. 'बालमृत्यू सर्वेक्षण, भाग १' असं नाही ठेवलं.

हिशेबी

नाव चांगलंच आहे. पण आत काय होतं? सरकारी नोंदीत न दिसणारे मृत्यू गावोगाव जाऊन मोजलेले होते. ती मोजणी नसती तर मंत्रालयात कुणी दाद दिली नसती.

ठाणेकर आजोबा

निवृत्त माणूस. गणपतीत 'लोकसत्ता' 'सर्वकार्येषु सर्वदा'मध्ये रोज एका संस्थेची ओळख छापतो, ती वाचतो आणि त्यातल्या दोन-तीन संस्थांना चेक पाठवतो. मला ताळेबंद वाचता येतो, बँकेतच होतो. पण चेकबुक काढायला उठवतो तो लेख. हिशेबी, तुम्ही दुसऱ्याचे पैसे देता, आम्ही आमचे देतो.

हिशेबी

आजोबा, हा टोमणा झाला. :)

निळी शाई

मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक भर. स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक यांचा २००७ मधला अभ्यास आहे. लोकांना एका कामाचे पाच डॉलर दिले आणि मग त्यातले किती दान कराल असं विचारलं. एका गटाला मालीतल्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, दुसऱ्याला आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे. मुलीला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांना १.१४. तिसऱ्या गटाला दोन्ही दिलं, तर दान १.४३ वर आलं. म्हणजे गोष्टीशेजारी आकडे ठेवले की गोष्टही थंड पडते.

दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ काढायला मोकळे आहात.

रानजाई

मी तेच म्हणतेय!

हिशेबी

मीही तेच म्हणतोय. आकडे लपवले की जास्त पैसे मिळतात, हे कळल्यावर संस्था काय करतील?

कोयत्याचा पोर

मी सहसा लिहीत नाही. या विषयावर मात्र राहवत नाही.

मी वसतिगृहात वाढलो. आईबाप ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कारखान्यावर जायचे, दिवाळीनंतर ते थेट उन्हाळ्यात परत यायचे. पाहुणे आले की आधी प्रार्थना, मग आमच्यातले दोघं-तिघं उभं राहून आपापली गोष्ट सांगायचे. मी ठरलेला, कारण मला बोलता यायचं. बाप फडातच साप चावून गेला, हे वाक्य आलं की पाहुण्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. दोन-चार वेळा सांगितल्यावर कुठे थांबायचं ते मला बरोबर कळायला लागलं. थांबलो की खाऊचा पुडा मोठा मिळायचा. नऊ वर्षांचा होतो.

नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी ऑफिसातल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक पाठवलं, 'हा तूच ना रे?' फाटका बनियन, तासलेलं डोकं. खाली 'निराधार बालक'. माझी आई तेव्हाही जिवंत होती आणि आजही आहे. कोयता चालवून तिने माझी फी भरली. तिला वाचता येत नाही, म्हणून पत्रकाचं मी तिला सांगितलं नाही.

संस्थेचं अन्न खाल्लंय, नाव घेणार नाही. पण रानजाई ताई, तुम्ही 'गोष्ट' म्हणता तेव्हा ती कुणी, कुणासमोर आणि कितीदा सांगायची, हे कोण ठरवतं? आकड्यात निदान माझा चेहरा नसतो.

निळी शाई

वाचून सुन्न झाले.

काळा कोट

वरच्या अनुभवावर कायद्याचं थोडं. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संस्थांना वाटतं डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं. खाली गावाचं नाव, आश्रमशाळेचं नाव आणि 'वडील अमुक साली वारले' असं लिहिल्यावर पट्टीला काय अर्थ? पालकांचा अंगठा घेतला म्हणून कलम उठत नाही. एचआयव्हीबाधित व्यक्तीसाठी तर २०१७ चा वेगळा कायदा आहे, तिथे लेखी संमती लागते.

फक्त आजचा दिवस

अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात, सगळं कामच गोष्टींवर चालतं. प्रत्येक बैठकीत माणूस उठतो, आपली कहाणी सांगतो. पण समोर बसलेल्यांनाही तोच आजार आहे, दया करायला कुणी आलेलं नसतं. पेपरात आणि टीव्हीवर नाव-फोटो द्यायचा नाही, हा नियमच आहे. एवढी वर्षं जगभर चाललंय.

ठाणेकर आजोबा

अहो, पण त्यांना बाहेरची देणगी घ्यायचीच नसते. म्हणून त्यांना हे परवडतं. वसतिगृहातल्या पन्नास पोरांचा किराणा कुठून आणायचा?

फक्त आजचा दिवस

मुद्दा मान्य. तरी किराणा भरायला पोरगंच उभं करायचं का? गोष्ट स्वयंपाकीणबाईंची सांगा. अधीक्षकांची सांगा. मोठ्या माणसांना नाही म्हणता येतं.

रानजाई

@कोयत्याचा पोर, तुमचं बरोबर आहे. पाहुण्यांसमोर मुलं उभी करणं बंद झालंच पाहिजे, त्यात वादाला जागाच नाही. पण त्यावरून गोष्टच नको, या हिशेबींच्या मुक्कामाला मी येणार नाही. तुमच्या संस्थेने आकडा छापला असता तर तोही 'निराधार बालके : इतकी' असाच असता, आणि आई त्यातही मेलीच असती. खोटं गोष्टीत शिरतं तसं तक्त्यातही शिरतं. उचल म्हणजे काय, आई सहा महिने कुठे असते, पोराला वसतिगृह का लागतं, हे नीट लिहिलं असतं तर 'निराधार' शब्द छापायची कुणाची छातीच झाली नसती.

हिशेबी

हे मात्र चांगलं पकडलंत. तरी माझे दोन आकडे राहिले.

रानजाई

छापतेय. लस देऊनही मेलेल्या पाखरांचा आकडा त्याच पानावर आहे. त्यातली बरीचशी बर्फ वितळल्यावर दिलेल्या लसीची, तेही लिहिलंय. दुसऱ्या वर्षीचा आकडा अजून हातात यायचाय.

कोयत्याचा पोर

एकच विचारतो. त्या लसवाल्या बाईंना छापायच्या आधी वाचून दाखवलंत का?

रानजाई

हो, त्यांच्या ओट्यावर बसून. फोटो नको म्हणाल्या, काढून टाकला. नवऱ्याच्या दारूचं एक वाक्य मी घातलं होतं, ते 'याचा कोंबड्यांशी काय संबंध?' म्हणून खोडायला लावलं. आणि एक गोष्ट स्वतःहून घालायला सांगितली : लसीचा पक्ष्यामागचा दर. शेजारच्या गावात लोक घासाघीस करतात, छापील कागद दाखवायला बरा पडेल म्हणाल्या. आमच्या विश्वस्तांचा आता त्या दरालाच आक्षेप आहे.