‘फॉर म्हणजे साठी’ : फळ्यावरून हे पुसायला हवं का?

डिचोलीची शिक्षिका :
मराठी प्राथमिक शाळांत इंग्रजी सुरू झालं की फळ्यावर शब्दार्थ येतात आणि त्यात ‘फॉर म्हणजे साठी’ हटकून असतं. हे बंद व्हावं, असं माझं ठाम मत आहे. मुलं ते घोकतात आणि दहावीपर्यंत ओढत नेतात. ‘तो मला भेटण्यासाठी आला’ याचं ‘ही केम फॉर मीट मी’ होतं. माणूस काही करायला आला-गेला, की इंग्रजीत ‘टू’ लागतं : ‘ही केम टू मीट मी’. वस्तू कशाला वापरतात हे सांगायचं असेल तेव्हा ‘फॉर’ : ‘अ नाइफ फॉर कटिंग फिश’. मराठीत दोन्हीकडे ‘-ण्यासाठी’ चालतं, म्हणून मुलाला फरक दिसतच नाही.

उलट बाजूही बघा. तापावर औषध, ५० रुपयांना नारळ, मदतीबद्दल आभार, फोंड्याची बस, दोन तास थांबलो. इंग्रजीत या सगळीकडे ‘फॉर’, मराठीत एकाही ठिकाणी ‘साठी’ नाही.

फोंड्याचे निवृत्त मास्तर :
बाई, हे मला पटत नाही. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या वाड्यावरून येणाऱ्या पोराच्या कानावर घरी इंग्रजीचं अक्षर पडत नाही. त्याला पहिल्या दिवशी काहीतरी धरायला द्यावं लागतं. ‘धिस इज फॉर यू’, ‘मिल्क फॉर द बेबी’, इथे ‘साठी’ चपखल बसतो. तिसरीच्या मुलापुढे ‘फॉर’चे सगळे अर्थ ओतलेत तर ते वहीच मिटून ठेवील. खरी अडचण अशी की पाचवीत, सातवीत कोणी पुढचं शिकवत नाही. त्याचं खापर ‘साठी’वर कशाला?

डिचोलीची शिक्षिका :
मास्तर, पुढचं शिकवायला गेलं तरी आधीचं पुसलं जात नाही, हाच तर अनुभव आहे. ‘मला पुस्तक दिलं’ आणि ‘मला पुस्तक आणलं’ घ्या. आपल्याकडे दोन्हीकडे ‘मला’. इंग्रजीत मात्र ‘गेव्ह इट टू मी’ आणि ‘बॉट इट फॉर मी’. द्यायला घेणारा समोर लागतो, विकत आणताना तो घरी बसलेला असला तरी चालतं. चौथीच्या मुलाला हे अशा जोडीतून लगेच कळतं. शब्दार्थातून ते कधीच कळणार नाही.

मडगावहून :
आमच्या घरी कोंकणी, शाळा मराठी. आम्ही ‘फॉर म्हणजे खातीर’ असं मनात धरायचो, अडचण तीच. माझे वडील गोवा मुक्तीआधी, म्हणजे १९६१ पूर्वी, पोर्तुगीज शिकलेले. ते म्हणायचे, पोर्तुगीजमध्ये हेच काम दोन शब्दांत वाटलेलं आहे. कुठे निघालो, कशाकरता, कोणाकरता, तिथे ‘पारा’. कशाच्या बदल्यात, कोणत्या कारणाने, तिथे ‘पोर’. इंग्रजीने दोन्ही ओझी एकट्या ‘फॉर’वर टाकली. मला वाटतं मुलांना निदान हे दोन कप्पे करून द्यावेत. मास्तरांना हवा तो आधारही मिळेल आणि बाईंचीही तक्रार कमी होईल.

म्हापशाचा पालक :
तुम्ही सगळे इंग्रजीची काळजी करताय, मला मराठीची वाटते. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. ती ‘तापासाठी औषध’, ‘मुंबईसाठी निघालो’ असं बोलते. ‘तापावर’ हा ‘वर’ तिच्या तोंडून गेला. दुकानांच्या पाट्यांवर, जाहिरातींतही हेच दिसतं. ‘फॉर म्हणजे साठी’ हे समीकरण दोन्ही दिशांनी चालतं आणि त्यात आपलंच जास्त नुकसान होतं. म्हणून मी शिक्षिकाबाईंच्या बाजूने, फक्त कारण वेगळं.

फोंड्याचे निवृत्त मास्तर :
तुमच्या मुलीला ‘तापावर’ घरात ऐकू आलं पाहिजे, ते काम शाळेचं एकटीचं नव्हे. बाकी दोन कप्प्यांची सूचना चांगली आहे, पण ती आठवीला. तेव्हा मी स्वतः ‘ही लेफ्ट मुंबई’ आणि ‘ही लेफ्ट फॉर मुंबई’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचो. पहिल्यात गडी मुंबईहून निघाला, दुसऱ्यात मुंबईला निघाला. ‘द पोलीस सर्च्ड हिम’ म्हणजे त्याची झडती घेतली, ‘सर्च्ड फॉर हिम’ म्हणजे त्याचा शोध घेतला. पोरं खूश व्हायची. पण ती खूश झाली, कारण तोवर त्यांना ‘फॉर’ ओळखीचा होता, आणि ती ओळख ‘साठी’नेच करून दिली होती.

डिचोलीची शिक्षिका :
‘सर्च्ड फॉर हिम’मध्ये ‘साठी’ कुठे बसवलात, मास्तर? तिथे तुम्हीच तो सोडून दिलात आणि पूर्ण वाक्य समोर ठेवलंत. तेच मला तिसरीत करायचं आहे. ‘वेट फॉर मी’ म्हणजे ‘माझी वाट बघ’, असं अख्खं वाक्य आणि त्याचं अख्खं मराठी. जूनमध्ये भिंतीवर अशी वाक्यं लावणार आहे, शब्दार्थांचा तक्ता लावणार नाही.

फोंड्याचे निवृत्त मास्तर :
लावा. दिवाळीनंतर वर्गात येऊन मुलांना भिंतीवर नसलेलं एक वाक्य विचारीन म्हणतो.