‘स्त्रोतांनुसार लिंगभाव गुणोत्तर ८८३’ : या एका वाक्यात चुका किती?

दादरची मुद्रितशोधक
एका दिवाळी अंकाचा लेख तपासतेय. विषय स्त्रियांचे हक्क. लेखक अभ्यासू आहेत, भाषाही ओघवती आहे, पण एक वाक्य घशात अडकलंय: ‘स्त्रोतांनुसार महाराष्ट्रातील लिंगभाव गुणोत्तर ८८३ इतके खालावले आहे.’ ‘स्त्रोत’चं मी हाताच्या सवयीने ‘स्रोत’ केलं. पण ‘लिंगभाव गुणोत्तर’? लेखकांना फोन केला तर म्हणाले, ‘जेंडरला आता लिंगभाव म्हणतात, म्हणून मी सगळीकडे बदललंय.’ सगळीकडे म्हणजे खरोखर सगळीकडे, संगणकाला सांगून एका फटक्यात. त्यामुळे लेखात ‘पुल्लिंगभाव’ आहे आणि बसवण्णांचे अनुयायी ‘लिंगभावायत’ झालेत. ते हसून दुरुस्त करता येईल. गुणोत्तराचं काय करू?

गिरगावचे मास्तर
लिंगभावायत! सकाळचा चहा सांडला माझा.

आधी स्रोत. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून ‘स्रोतस्’. त्यात ‘त’ एकदाच येतो, शेवटी. ‘स्त्री’ लिहून लिहून बोटांना वळण लागतं आणि ‘स्त्रोत’ होतो, जसं ‘सहस्र’चं ‘सहस्त्र’ होतं. शुद्धलेखन इथे संपलं. अर्थाची भानगड मात्र पुढे आहे. स्रोत म्हणजे उगम नव्हे, प्रवाह. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते. कल्याणला ओंजळीत घेतलेलं पाणीही त्याच स्रोतातलं, पण वाटेत त्यात काय काय मिसळलं ते कल्याणकरांना विचारा. म्हणून ‘स्रोतांनुसार’ एवढंच कुणी लिहिलं की मी विचारतो, ओंजळ कुठे भरलीत?

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली जुन्या कागदपत्रांचा जो पहिला खंड काढला त्याचं नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, स्रोत नव्हे. ‘साधन’ म्हटलं की ते कशासाठी, हा प्रश्न आपोआप येतो. अस्सल म्हणजे मूळ कागद, नक्कल म्हणजे त्याची उतरलेली प्रत, समकालीन म्हणजे त्याच काळातला, बखर म्हणजे मागाहून रंगवून सांगितलेली हकिकत, ही सगळी परिभाषा त्याच घराण्यातली. बायकांच्या हक्कांवर वाद घालणाऱ्यांनी ती उचलावी. आयती आहे.

दादरची मुद्रितशोधक
आणि लिंग?

गिरगावचे मास्तर
लिंग म्हणजे खूण. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावरचा धूर हे अग्नीचं लिंग. म्हणजे ज्यावरून अनुमान करायचं तो पुरावाच. ज्या शब्दावरून एवढे वाद, त्याचाच एक अर्थ पुरावा असा आहे, ही गंमत मला फार आवडते.

व्याकरणात तो शब्द गेला आणि तिथेही भांडण झालं. स्तन-केश असलेली ती स्त्री, लोमश म्हणजे अंगभर केसाळ तो पुरुष, ही जुनी व्याख्या पतंजलींच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात आहे. मग खाट स्त्रीलिंगी कशी, असा आक्षेपही तिथेच. शेवटी पतंजली सांगतात, ‘लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वात्’: शब्दाचं लिंग नियमाने शिकवता येत नाही, ते लोकांच्या वापरावर ठरतं. संस्कृतात ‘दार’ म्हणजे पत्नी, शब्द पुल्लिंगी आणि तोही बहुवचनी. ‘कलत्र’ म्हणजेही पत्नी, नपुंसकलिंगी. आमचे वडील आईला ‘आमचं कुटुंब’ म्हणत, तेही नपुंसकच. पण पतंजली इथे शब्दाच्या लिंगाबद्दल बोलताहेत, माणसाच्या नव्हे. हल्ली दोन्हीकडचे लोक हे वाक्य आपापल्या बाजूने फेकतात. दोघांनीही ते प्रकरण वाचलेलं नसतं.

जुहूची स्त्री-अभ्यासक
मास्तर, नमस्कार. ताई, ‘लिंगभाव’ हा शब्द आमच्याकडे स्त्री-अभ्यासात रुळलाय. बाई म्हणून किंवा पुरुष म्हणून समाज जे अंगावर चढवतो, कपडे, कामं, आवाजाची पट्टी, तो लिंगभाव. देहाचं ते लिंग. जनगणनेत प्रगणक दारात येऊन ‘तुमच्या घरात लिंगभाव कोणता’ असं विचारत नाही. म्हणून ‘लिंग गुणोत्तर’ हेच बरोबर, शासनही तेच लिहितं. संविधानाच्या मराठी पाठातही कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात यांच्या पंगतीला ‘लिंग’च आहे.

‘लैंगिक’पासून मात्र जपा. लैंगिक समानता, लैंगिक शिक्षण, लैंगिक छळ, तिन्हींत अर्थ वेगळा. एका अहवालात मी ‘लैंगिक गुणोत्तर’ वाचलंय.

काळ्या घोड्याची वकील
एक शंका. प्रगणक देह तपासतो कुठे? घरचे सांगतील ते लिहितो. शिवाय २०११ ला स्त्री-पुरुषांबरोबर ‘इतर’ हा पर्याय पहिल्यांदा आला, देशभर ४ लाख ८७ हजारांहून जास्त लोकांची नोंद त्यात झाली, आणि प्रसिद्ध तक्त्यांत ते पुरुषांत मिळवले गेले. म्हणजे ‘लिंग गुणोत्तर’ हा शब्द बरोबर, पण तो देहाची मोजणी आहे असं म्हणणं सैल. ती सांगितलेल्याची मोजणी आहे.

जुहूची स्त्री-अभ्यासक
मान्य. माझं वाक्य मागे घेते. शब्द मागे घेत नाही.

परळचा चाकरमानी
माझा प्रश्न शब्दाचा नाही, ८८३ चा आहे. ऑफिसात एकाने २०११ चे आकडे दाखवले. मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ बायका, उपनगरात ८६०. म्हणाला, बघा, मुंबईकर पोरी मारतात. मी म्हटलं, थांब. आमच्या रत्नागिरीत ११२२ आहेत. मग काय आम्ही मुलगे मारतो? अरे, आमचे पुरुष इथे परळला खोली करून राहिले, बायका गावाला शेती बघत राहिल्या. आता यूपी-बिहारचे भाऊ तेच करतात. गुणोत्तर कुणाच्या पापाचं नाही, गाडीच्या तिकिटाचं आहे.

गोरेगावची जुनी कार्यकर्ती
चाकरमानी दादा, अगदी बरोबर, आणि म्हणूनच शून्य ते सहा वयाचा आकडा वेगळा काढतात. एवढीशी पोरं नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. ८८३ हा त्याच वयोगटाचा आहे, म्हणजे तुमच्या लेखकांनी ‘बाल’ हा शब्द गाळलाय. आणि ८८३ हा २०११ चा तात्पुरता आकडा. अंतिम मोजणीत तो ८९४ झाला. दोन्ही जनगणनेचेच. देशाचंही तसंच, आधी ९१४ जाहीर झाला, नंतर वाढला. पण तात्पुरत्या आकड्याच्या दिवशी मोठे मथळे येतात आणि भाषणं त्यावरच बेततात. अंतिम आकडा येतो तेव्हा कॅमेरे गेलेले असतात.

आता माझी कबुली. ऐंशीच्या दशकात गर्भजलपरीक्षेविरुद्ध, म्हणजे पोटातला गर्भ मुलगा की मुलगी हे बघण्याविरुद्ध, मुंबईत मोहीम होती. १९८८ ला महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ ला आला. त्या काळात एक आकडा आम्हा सगळ्यांच्या तोंडी होता: आठ हजार गर्भपातांत ७९९९ मुली. मीही चौकसभेत तो ओरडून सांगितलाय. तो आकडा होता मुलगा की मुलगी हे बघायला आलेल्यांपैकी ज्यांनी पुढे गर्भपात केला त्यांचा. पुढच्या तोंडी तो ‘मुंबईतले गर्भपात’ झाला, त्याच्या पुढच्या तोंडी ‘भारतातले’. लिंग कळून घेऊन केलेल्या गर्भपातात मुलीच असणार, त्यात नवल ते काय! अन्याय खराच होता. पण आमच्या हातातली नक्कल आम्ही अस्सल म्हणून दाखवत होतो, आणि विरुद्ध बाजूच्या डॉक्टरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

परळचा चाकरमानी
ताई, मग तो १०२० काय प्रकार आहे? ‘देशात बायका पुरुषांपेक्षा जास्त’ असा फॉरवर्ड दर महिन्याला येतो.

गोरेगावची जुनी कार्यकर्ती
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, २०१९-२१. ती जनगणना नाही, निवडक घरांची पाहणी आहे. आदल्या रात्री घरात कोण होतं ते त्यात मोजतात. तुमचा परळच्या खोलीतला माणूस रत्नागिरीच्या घरात कसा मोजला जाईल? आणि त्याच अहवालात, त्याच सारणीत आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचं गुणोत्तर ९२९ आहे. फॉरवर्ड करणाऱ्याने वरची ओळ घेतली, खालची सोडली.

परदेशी लेख वाचताना तर आणखी सांभाळा. आपण हजार पुरुषांमागे बायका मोजतो, बाहेर शंभर बायकांमागे पुरुष मोजतात. तिकडे आकडा वाढला की वाईट, इथे घटला की वाईट. अनुवादात हे उलटलेलं मी पाहिलंय.

काळ्या घोड्याची वकील
निकालांबद्दल थोडं, कारण हल्ली या वादात निकाल लाठीसारखे वापरतात. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ हे शब्द जैविक लिंगासाठी आहेत. आपल्याकडे मथळा झाला, ‘स्त्री म्हणजे काय हे कोर्टाने सिद्ध केलं.’ निकालपत्रात न्यायमूर्तींनी स्वतःच लिहिलंय की या सार्वजनिक वादात निवाडा देणं आमचं काम नाही, आम्ही फक्त त्या कायद्यातल्या शब्दाचा अर्थ लावतोय. त्याच कायद्यात पारलिंगी व्यक्तींना मिळणारं संरक्षणही तसंच राहिलं.

आता दुसरी बाजू. १५ एप्रिल २०१४ चा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांवरचा नालसा निकाल. त्यात लिंगओळखीसाठी, म्हणजे माणूस स्वतःला बाई, पुरुष की आणखी कुणी मानतो यासाठी, जैविक कसोटीऐवजी मानसिक कसोटी पत्करली, आणि कलम १५ मधल्या ‘लिंग’ शब्दात लिंगओळखही येते असं म्हटलं. तोही ‘विज्ञानाने मान्य केलं’ म्हणून फिरतो. दोन्ही निकाल आपापल्या देशात, ‘कायद्याने काय ठरलं’ या प्रश्नाचं अव्वल साधन आहेत. शरीरशास्त्राचं साधन यातला एकही नाही. आणि पंचाईत ही की मराठी बातमीत दोन्हीकडे एकच शब्द येतो, लिंग. मूळ इंग्रजीत कुठे सेक्स आहे आणि कुठे जेंडर, ते बातमीवरून कळत नाही. मी पक्षकाराला सांगते, बातमी नको, परिच्छेद क्रमांक आणा.

दादरची मुद्रितशोधक
त्याच लेखात पुढे आहे, ‘रखमाबाईंना तुरुंगात टाकले, अखेर राणी व्हिक्टोरियाने घटस्फोट दिला.’ हे ठेवू का?

गिरगावचे मास्तर
ही बखर झाली. रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने, दादाजीने, दावा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयात १८८५ ला न्या. पिन्हींनी तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ ला न्या. फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद चालेल. १८८८ ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, कैद टळली. दादाजीने दुसरं लग्न केलं, रखमाबाई डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेल्या. राणीची गोष्ट लोकांना का हवीशी वाटली, यासाठी ती बखर जरूर जपा. लेखातून काढा. ‘नांदायला’ हा शब्द मात्र ठेवा. कायद्याच्या भाषेत ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’ म्हणतात, त्यात काय मागितलं जातंय तेच दिसत नाही.

दादरची मुद्रितशोधक
लेखकांशी पुन्हा बोलले. ८८३ सोडायला तयार नव्हते. म्हणाले, ‘आकडा जितका कमी तितका वाचक हलतो.’ मी म्हटलं, सर, २००१ ला ९१३ होता, तिथून ८९४ ही घसरणच आहे, ती कुणाला खोडता येणार नाही. तुमचा ८८३ कुणीही पाच मिनिटांत खोडेल आणि मग उरलेली बारा पानं वाचणार नाही. जरा वेळ गप्प होते, मग ‘करा’ म्हणाले.

वाक्य असं केलंय: ‘जनगणनेच्या अंतिम आकड्यांनुसार महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४.’

जुहूची स्त्री-अभ्यासक
यात ना स्रोत राहिला, ना लिंग, ना गुणोत्तर!

दादरची मुद्रितशोधक
हो ना. ‘पुल्लिंगभाव’ मात्र अजून दोन ठिकाणी सापडलाय, पान नऊ आणि चौदा.