पॉलिसी आज काढली तरी तारखेला जावंच लागेल

भावाची स्कूटर चालवताना सापडलात, विमा संपलेला होता आणि आता समन्स आलंय, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणीतरी ‘लगेच पॉलिसी काढा, केस मिटेल’ म्हटलंय. तसं नाही हो. पॉलिसी काढाच, पण कोर्ट बघणार ती त्या दिवशी चालू होती का. आधी भावाला नीट विचारा, कधी कधी रिन्यू केलेली असते आणि सांगायचं राहून जातं. तसं असेल तर डिजिलॉकरमधली प्रत घ्या, सोबत प्रिंटही ठेवा. मागच्या तारखेची पॉलिसी देणाऱ्या एजंटच्या मात्र वाऱ्यालाही उभे राहू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४०००. गाडी चालवायला दिली म्हणून भावावरही हेच कलम लागू शकतं.

समन्सवरचा कोर्ट नंबर आणि केस नंबर बाहेर लावलेल्या बोर्डाशी ताडून बघा आणि दारापाशीच बसा. माझ्या वेळी मी कटिंग प्यायला खाली उतरलो, तेवढ्यात पुकारा होऊन गेला. मग दुपारपर्यंत बाकावर, शिपायाच्या तोंडाकडे बघत.