अंगणात पेव्हर नकोत, चिरे बसवायचेत, मदत हवी आहे

मंडळी, देवगडजवळ आमचं घर आहे, पुढे मोठं खळं (अंगण) आणि मागे काजूची उतरती जमीन. बाबांना चिखलात चालायला त्रास होतो म्हणून यंदा खळं पक्कं करायचंच आहे, पण कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सगळीकडे कोबा करू आणि वर सिमेंटचे पेव्हर टाकू. मला हे अजिबात पटत नाहीये. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, मग जे थोडंफार मुरतंय तेही व्हाळात (ओढ्यात) का घालवायचं? उन्हाळ्यात सिमेंट तापतं ते वेगळंच.

जुना मांगर (घराबाजूची शेड) पाडला त्याचे जांभ्याचे चिरे पडून आहेत, वरून काळे पडलेत पण उलटे केले की खालची बाजू लालभडक आणि कडा शाबूत. तेच बारीक खडीच्या थरावर बसवायचे, सांध्यात सिमेंट न घालता खडीच भरायची असा विचार आहे.

कोणी असं केलंय का? पावसात शेवाळ धरून निसरडं होतं का, बाबांमुळे तीच मोठी काळजी आहे. खडीचा थर किती जाड हवा? बाईक रोज जाते-येते, कधीतरी टेम्पोही येतो, चिरे फुटतील का?

मागच्या उतारावर सुका गडगा (सिमेंट-मातीशिवाय रचलेला दगडी बांध) घालून वरच्या अंगाला वाळा लावायचाय, त्याची मुळं सरळ खोल जातात म्हणून. वाळ्याचे ठोंब देवगड-कणकवलीकडे कुठे मिळतील, आणि मृगाआधी लावू की पाऊस स्थिरावल्यावर?