मदत हवी आहे: आईला एपिस्कोपल चर्चच्या उपासनेत भाग घ्यायचाय, पण इंग्रजी येत नाही

सलाम सगळ्यांना. आम्ही न्यू जर्सीला असतो, घराजवळच्या एपिस्कोपल चर्चला (इंग्लंडच्या चर्चच्या म्हणजे अँग्लिकन परंपरेतलं अमेरिकेतलं चर्च) जातो. मूळचे नगरकडचे, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). बाबा गेल्यावर आईला इकडे घेऊन आले. तिकडे ती महिला मंडळात पुढे, घरोघरच्या प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी सगळं तिच्याच अंगावर, आणि इथे रविवारी मागच्या बाकावर गप्प बसते. परवा म्हणाली, "मी काय नुसतं बघायला यायचं का गं?" तेव्हापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

उपासना तिला परकी अजिबात वाटत नाही, सीएनआय पण अँग्लिकन कम्युनियनमध्येच (त्याच परंपरेच्या जगभरच्या चर्चच्या कुटुंबात) आहे त्यामुळे क्रम बराच ओळखीचा. शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला भाग) वाचायला डीकन, म्हणजे पाळकांना साहाय्य करणारे दीक्षित सेवक, पुस्तक घेऊन मधल्या वाटेत येतात आणि सगळे तिकडे वळून उभे राहतात ना, तेव्हा आई डोक्यावर पदर घेऊन आधी उभी. शांतीच्या अभिवादनाला तर खुलतेच, हात जोडून सगळ्यांना सलाम करत पार पुढच्या बाकापर्यंत जाते. पण प्रभूची प्रार्थना मराठीत इतकी हळू म्हणते की शेजारी मलाही नीट ऐकू येत नाही, लोकांना डिस्टर्ब होईल म्हणते.

आमच्या पाळकबाईंनी स्वतःहून विचारलं की आईंना काय करायला आवडेल, आणि मला काही सुचेना. वाचन, मध्यस्थीची (इतरांसाठी करायची) प्रार्थना सगळं इंग्रजीत. शिवाय इथे प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायच्या विधीच्या) प्याल्यात खरी वाइन असते, आमच्याकडे द्राक्षांचा साधा रस, त्यामुळे ती तिथे जायला बिचकते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ऑल सेंट्सच्या (सर्व संतांच्या सणाच्या) रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, मला बाबांचं नाव द्यायचंय, पण आई म्हणते आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. तिचं मन न दुखवता कसं करू? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, नावं याच आठवड्यात द्यायचीत.

उत्तर १:
ताई, आम्ही शिकागोजवळच्या एका एपिस्कोपल चर्चला बरीच वर्षं जातोय. आधी सोपं सांगते. भाकर आणि वाइन वेदीपाशी नेऊन देणं हे काम मंडळीतल्या माणसांचंच आहे, एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थना पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि त्यात एक शब्द बोलावा लागत नाही. आईंना आणि तुम्हाला मिळून न्यायला सांगा. प्याला द्यायच्या सेवेला बिशपांचं लायसन्स लागतं, याला काही लागत नाही. वाइनचं टेन्शन नको, नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्णच धरतात, प्याला पुढे आला की हात छातीवर घ्यायचे.

दुसरं, ऑल्टर गिल्डच्या (वेदीची भांडी-कापडं सांभाळणाऱ्या गटाच्या) बायकांना भेटवा. प्याला पुसायच्या पांढऱ्या रुमालांचं पहिलं पाणी आमच्याकडे गटारात जाऊ देत नाहीत, बागेत मातीवर ओततात, मग धुऊन कडक इस्त्री. माझ्या सासूबाई हे एकदा बघून शिकल्या, भाषा आड आलीच नाही. आणि प्रभूची प्रार्थना मोठ्याने मराठीतच म्हणू दे, आमच्याकडे स्पॅनिश, मलयाळम सगळं एकदम चालू असतं, पाळकच सांगतात आपापल्या भाषेत म्हणा.

नावाचं मात्र घाई करू नका. प्रार्थना पुस्तकात शेवटाकडे प्रश्नोत्तरं आहेत, त्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना का करतात याचं कारण दिलंय की गेलेल्यांवर आपलं प्रेम अजून आहे आणि देवाच्या सान्निध्यात ते त्याच्या प्रीतीत वाढत राहतील असा आपला भरवसा आहे. तेवढं आईंना मराठीत समजावून सांगा, मग त्या नको म्हणाल्या तर नको, नवऱ्याच्या नावाचा निर्णय त्यांचाच.

धागाकर्ती:
खूप खूप आभार ताई, भाकर न्यायचं तर आईने लगेच हो म्हटलं, कोणती साडी नेसू विचारतेय. नावाबद्दल आज रात्री जेवणानंतर निवांत बोलते. एक राहिलंच, पायऱ्या चढायला तिला गुडघ्यांचा त्रास आहे, वेदीपर्यंत वर जावं लागतं की खालीच हातात घेतात?

उत्तर १:
आमच्याकडे पायऱ्यांच्या खालीच डीकन येऊन घेतात. तरी पाळकबाईंना आधी सांगून ठेवा.