घोंगडं आणि कांबळं, तेच ते?

माळावरचा_आटपाडी
आज्याचं काळं घोंगडं ट्रंकेत पडून होतं. परवा उन्हात टाकलं तर आत्या म्हणाली, "ते कांबळं नीट झटक." मी म्हटलं, घोंगडं. ती म्हणाली, तेच ते. पण तेच ते कसं? कांबळं संस्कृत कम्बलपासून आलं हे माहितेय. मग घोंगडं कुठून आलं? आणि 'भिजत घोंगडं' म्हणतात, 'भिजत कांबळं' का नाही?

निवृत्त_मास्तर
आत्याबाईंची वस्तू बरोबर, पण शब्दांची घराणी वेगळी.

कांबळं फार जुनं. अथर्ववेदाच्या १४व्या कांडात विवाहसूक्तात 'कम्बल' येतो. लग्नात लागलेलं पाप कांबळ्याला पुसून टाकतात तिथे. पाणिनीने तर त्यावर स्वतंत्र सूत्र केलंय, ५.१.३. त्यातून 'कम्बल्य' हा शब्द होतो, आणि काशिकावृत्ती ही पाणिनीवरची जुनी टीका त्याचा अर्थ देते शंभर पळं लोकर (पळ हे जुनं वजन). म्हणजे कांबळं हे लोकर मोजायचं माप झालं होतं!

घोंगड्याचा माग मला पोथीत लागला नाही, गल्लीत लागला. माझी हयात सोलापूरच्या पूर्व भागात गेली, शेजार सगळा तेलुगू. एकदा शेवग्याखाली शेजारचा पोरगा ओरडला, "गोंगळी पुरुगू!" बघतो तर सुरवंट. पुरुगू म्हणजे किडा, आणि गोंगळी किंवा गोंगडी म्हणजे आपलं घोंगडं. घोंगडीकिडा! पुढे कळलं की कानडीत सुरवंटाला कंबळिहुळू म्हणतात आणि तमिळमध्ये कंबळिप्पूच्ची. तिघांनाही सुरवंटाच्या अंगावर लोकरच दिसली. आपण मराठीवाले तेवढे सुरवंट म्हणून मोकळे.

आता कुणी कुणाकडून घेतला? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पावसात घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून घेतात, तिला आपल्याकडे घोंगता म्हणतात. हिंदीत अशाच तिकोनी खोळीला घुग्घी किंवा घोघी म्हणतात. म्हणजे नाव आधी पांघरायच्या तऱ्हेचं असावं आणि मग कापडाला चिकटलं असावं. तेलुगूच्या अस्सल देशी शब्दांत 'घ' नसतो, तेव्हा तिकडे जाताना त्याचा 'ग' होणं साहजिक. मेंढरांमागे माणसं कृष्णेच्या अल्याड-पल्याड फिरायची, शब्द काय घरी बसणार?

मागावरची
माहेरी घोंगड्याचा माग होता, म्हणून भिजत घोंगड्याचं मी सांगते.

आमच्याकडे उभ्या सुताला चिंचोक्याची खळ लावायचे. नवं घोंगडं त्यामुळे पत्र्यासारखं ताठ असतं. लोकर मोठी लबाड. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेते तरी हाताला कोरडी लागते. पण एकदा चिंब झालं की एकट्या माणसाला उचलत नाही. पिळता येत नाही, घडी घालता येत नाही, पांघरायचा तर प्रश्नच नाही. दोन-दोन दिवस तसंच पडून राहतं. ज्याने ते वाळत घातलंय त्याला ही म्हण समजवावी लागत नाही.

कांबळं का नाही, तर आमच्यात तो शब्द कुणी बोलतच नव्हतं. गिऱ्हाईक यायचं तेही "घोंगडं दाखवा" म्हणतच. सगळ्यात मऊ ते जावळाचं, कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचं.

सोवळेओवळे
यात धाबळी राहिली. आमची आजी धाबळी नेसून स्वयंपाक करायची, लोकरीला ओवळं लागत नाही म्हणून. ती अंगाला इतकी टोचायची की तिचा निम्मा राग धाबळीचाच असावा, असा मला आता संशय येतो.

निवृत्त_मास्तर
धाबळीची आठवण छान काढलीत. आणि याच कापडाचा श्रीमंत भाऊ सकलाद, म्हणजे उंची लोकरी कापड. बखरींतून, पत्रांतून भेटीदाखल येतो. हा फारसीतल्या सकिर्लातवरून आपल्याकडे आला. इंग्रजांचा स्कार्लेट त्याच्याच गोतातला. तो दरबारात मिरवला आणि शब्दासकट गेला. घोंगडं बांधावर राहिलं म्हणून अजून बोलण्यात आहे.

माळावरचा_आटपाडी
सगळं आत्याला वाचून दाखवलं. पाणिनीपाशी तिने जांभई दिली, पिळता येत नाही यावर मान हलवली. मग दोघांनी घोंगडं पुन्हा अंगणात पसरलं. एका कोपऱ्याला रुपयाएवढं भोक, आणि त्यात वळवळणारी कसरीची केसाळ अळी. मास्तर, गोंगळी पुरुगू आमच्याच ट्रंकेत होता.