संघ तळाला, मालक ढिम्म. दबाव कसा आणायचा? (मदत हवी आहे)

पूर्व_स्टँड: तीन हंगाम झाले, प्लेऑफचं तोंड नाही. आम्ही चाळीस जण आहोत, रविवारी आमच्या जागा रिकाम्या ठेवणार. परिणाम होईल असं कसं करायचं? लवकर सांगा.

खवचट_काका: कुठला खेळ? कुठला संघ? तिकिटं काढलीत का?

पूर्व_स्टँड: आयपीएल, अजून काय! तिकिटं काढलीत.

आकडेमोड: मग पैसे पोचले की! खुर्ची रिकामी राहिली तर नुकसान तुमचंच. २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेलेत. त्यातला वाटा तळाच्या संघालाही मिळतो आणि खालच्या श्रेणीत घसरायची भीती नाही. दुखतं ते जर्सीवरच्या जाहिरातदाराला. त्याला लिहा.

गॅलरीतला: साफ असहमत. ६ फेब्रुवारी २०१६, इंग्लंडमधला लिव्हरपूलचा फुटबॉल सामना. ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध हजारो लोक ७७व्या मिनिटाला उठून गेले. संघ २-० पुढे होता, सामना सुटला २-२. चार दिवसांत मालकांनी दर मागे घेतला. आत जाऊन उठा, टीव्हीवर दिसतं.

आकडेमोड: तिथे हजारो, इथे चाळीस! शिवाय अमेरिकेतलं ओकलंड बघा. १३ जून २०२३ ला तिथल्या बेसबॉल चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे मुद्दाम गर्दी केली; मालकाने संघ विकावा म्हणून 'विका' लिहिलेले शर्ट घालून आले, मैदानात २७,७५९ लोक होते. तरी २०२४ नंतर संघ शहर सोडून गेलाच.

डीमॅट_दादा: मालक शेअर बाजारातली कंपनी आहे का? हैदराबादचा संघ सन टीव्हीचा आहे, तसं असेल तर एक शेअर घ्या. वार्षिक सभेची नोटीस २१ दिवस आधी निघते, त्यात बोलणाऱ्यांनी नाव नोंदवायची मुदत दिलेली असते. ती चुकली की गप्प बसा.

खवचट_काका: रविवारी सामना आहे हो!

नवखा_०७: वानखेडेची तिकिटं कुठे मिळतील?

खवचट_काका: वेगळा धागा काढा.

गॅलरीतला: मूळ प्रश्न राहिलाच. मागणी काय आहे?

पूर्व_स्टँड: मालकांनी लक्ष द्यावं.

गॅलरीतला: ही मागणी नाही, गाऱ्हाणं आहे. लिव्हरपूलवाल्यांकडे आकडा होता. हो किंवा नाही म्हणता येईल असं काही मागा.

पूर्व_स्टँड: बरं, 'प्रशिक्षक बदला'. फ्लेक्स करू?

गॅलरीतला: फ्लेक्स आणि काठी गेटवरच काढून घेतील. ए-३ कागद, एकावर एक अक्षर, सात कागद. अक्षर जाड मार्करने गिरवा, पेनाचं पलीकडून दिसत नाही. आधी तिकिटावरचे नियम वाचा, काही मैदानांवर कागदही चालत नाही. प्रत्येक अक्षरामागे एक राखीव माणूस ठेवा. 'शि'वाला पाणी प्यायला गेला की 'प्रक्षक बदला' होतं.

आकडेमोड: टाइम-आउटला धरू नका, तेव्हा जाहिराती चालू असतात. आणि कॅमेरा फलक टाळणारच, समोरच्या स्टँडमधून दोघांना मोबाइलवर टिपायला बसवा.

पूर्व_स्टँड: समोरच्या स्टँडचं तिकीट तीन हजार आहे.

खवचट_काका: ते पण मालकालाच.